वर्तुळातली नक्षी

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी आठवीत आहे. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ती कागद पसरून बसली होती, आणि खोडून खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली होती. एलिमेंटरी परीक्षेच्या नक्षीकामाचा सराव चालला होता. वर्तुळात नक्षी भरायची, पण तिची प्रत्येक पाकळी निराळीच येई. भांडी पुसता पुसता मी म्हटले, "अगं, आधी वर्तुळाचे आठ सारखे भाग कर. एका भागात नीट काढ, मग तेच फिरवीत ने. दारापुढे आपण काय करतो?" ती म्हणाली, "आई, सरांनीही हेच सांगितलंय. तुला कसं गं ठाऊक?"

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. त्या वर्षी मास्तरांनी याच परीक्षेसाठी माझे नाव काढले होते. स्वतःची रंगाची पेटीही वापरायला दिली होती. पण पुढची शाळा परगावी, आणि मुलीच्या जातीला चित्रे काढून काय करायचे आहे, असे घरात ठरले. पेटी मी परत नेऊन दिली.

हा विषय शाळेत आला तरी कोठून, हे मला त्या रात्रीपासून जाणून घ्यावेसे वाटू लागले. मुलीच्या सरांना विचारले, वाचनालयातून पुस्तके आणली. कळले ते मोठे गमतीचे आहे.

1851 साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. त्यात आपल्याकडची वस्त्रे, शाली आणि धातूची कामे मांडली होती. आपल्या कारखान्यांतल्या मालाला या नक्षीची सर नाही, असे तिकडच्या जाणकारांनीच कबूल केले. ओवेन जोन्स यांनी 1856 साली देशोदेशींच्या नक्षीवर ग्रंथ काढला, त्यातही हिंदुस्थानी नक्षीचा गौरव आहे. इकडे मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली आणि 1857 साली त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. पण शिकवण्याची पद्धत आली ती विलायतेची! ज्यांची नक्षी पाहून साहेब थक्क झाला, त्यांच्याच मुलांना प्लास्टरचे नमुने पुढे ठेवून हुबेहूब नक्कल करायला बसवले. सुगरणीच्या हातचे पोळपाट काढून घेऊन तिला पाव भाजायला शिकवावे, तसाच हा प्रकार.

सगळेच साहेब तसे नव्हते म्हणा. जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. छतांवरची कमळे, वेली, हंस कागदावर उतरले. लंडनला पाठविलेल्या कितीतरी नकला 1885 च्या आगीत जळाल्या, हे वाचून मला फार वाईट वाटले.

1893 साली त्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 साली तेथे विद्यार्थी म्हणून गेले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. त्यांच्या कन्या अंबिका यांनी 1931 साली त्याच शाळेची पदविका मिळवली. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'माझी स्मरणचित्रे'. स्मरणचित्र हा आमच्या एलिमेंटरीतलाही एक विषय, म्हणून ते नाव मला विशेष आवडले.

1965 साली महाराष्ट्रात कला संचालनालय झाले. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या परीक्षा तेच घेते. वस्तुचित्रात तांब्याचे तोंड गोल आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण बसल्या जागेवरून ते लांबट दिसते. ठाऊक आहे ते नव्हे, दिसते ते काढायचे. पोरीला हे समजायला पंधरा दिवस लागले. मला तर त्याहून जास्त!

इंटरमीजिएटच्या श्रेणीचे दहावीला जादा गुण मिळतात, म्हणून हल्ली काही पालक चौकशी करतात. एरवी चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग उरकण्याचा तास. आमच्या घरीही हे म्हणाले, "शिकवणी बुडेल." फी मी भिशीच्या पैशांतून भरली.

परीक्षा दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर मी उभीच होते. ती धावत आली. "आई, वर्तुळच आलं होतं! आठ भाग केले."

निकाल अजून लागायचा आहे. तिची रंगाची पेटी मात्र मी मागून घेतली आहे. दुपारी दोन ते चार ती माझ्याकडे असते.