"उपाशीपोटी या": एका सूचनेमागची शंभर वर्षांची गोष्ट

 

पोटाच्या सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेतली की फोनवर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "उपाशीपोटी या. सकाळी चहासुद्धा नको." का, ते आपण विचारत नाही आणि पलीकडचा माणूसही सांगत नाही. आजचा भाग या एका वाक्याच्या इतिहासावर. गोष्ट घडते अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात, १९२३ साली. आणि तिच्यात एक महत्त्वाचं पात्र आहे: सकाळचं खाणं न मिळालेला एक कुत्रा.

आधी पोटाचा नकाशा बघू. उजवीकडे, बरगड्यांच्या आड यकृत, म्हणजे लिव्हर. ते पित्त तयार करतं. आपण "पित्त झालंय" म्हणतो ती बहुतेक वेळा ॲसिडिटी असते, हे पित्त वेगळं. हा चरबी पचवायला मदत करणारा हिरवट-पिवळा रस. यकृताच्या खाली चिकटलेली छोटी पिशवी म्हणजे पित्ताशय, गॉलब्लॅडर. पोट रिकामं असताना पित्त या पिशवीत साठतं, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि ते दाट होतं. तेलातुपाचं काही खाल्लं की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. एवढं लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावरच उभी आहे.

१८९५ मध्ये जर्मनीत रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले. मोडलेलं हाड दिसू लागलं, शरीरात अडकलेली गोळी दिसू लागली. पण पोटाचं काय? यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड हे सगळे मऊ अवयव. एक्स-रेत एकमेकांत मिसळून गेलेली करडी सावली, बस्स. पित्ताशयातले खडे तरी दिसावेत? तेही नाही. बहुतेक खडे कोलेस्टेरॉलचे असतात. ज्यांच्यात पुरेसं कॅल्शियम आहे असेच दिसतात, म्हणजे शंभरातले साधारण १० ते १५.

म्हणजे पोटात कळ आली की डॉक्टरांकडे काय होतं? रुग्णाने सांगितलेली लक्षणं, पोटावर दाबून बघणारा हात आणि अनुभव. खात्री करायची तर पोट उघडायचं. आणि हा पेनिसिलिनच्या आधीचा काळ. अंदाज चुकला तर माणूस विनाकारण टेबलावर जायचा.

आता सेंट लुईस. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या डोक्यात एक जुनं संशोधन घोळत होतं. साधारण १९१० च्या सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये एबल आणि राउनट्री या दोघांनी दाखवलं होतं की एक विशिष्ट रंगद्रव्य रक्तात सोडलं तर यकृत ते उचलतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. ग्रॅहम यांचा विचार असा: त्या जातीच्या द्रव्याला ब्रोमीन किंवा आयोडीनसारखे जड अणू जोडले तर? जड अणू क्ष-किरण अडवतात. यकृत ते पित्तात टाकेल, पित्त पिशवीत साठेल, आणि पिशवी एक्स-रेत पांढरी दिसेल. डिलिव्हरीचं काम शरीरच करणार!

कल्पना भारी होती. प्रयोगाचं काम मिळालं वॉरन कोल या तरुण डॉक्टरला. वय अवघं २५. त्याने कुत्र्यांना इंजेक्शनं द्यायची आणि एक्स-रे काढायचे. कोल ते करत राहिला, पण फिल्मवर काहीच येईना. डोस बदलला, रसायन बदललं, तरी नाही. काही प्राणी औषधाच्या विषारीपणाने दगावले. आज आपण जी तपासणी दहा मिनिटांत करून घेतो, तिच्या हिशोबात हेही आहे.

आणि एक दिवस एका कुत्र्याच्या फिल्मवर पित्ताशयाची स्पष्ट सावली आली.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे पुढचा प्रसंग मला फार ओळखीचा वाटला. सतत फेल होणारी टेस्ट अचानक पास झाली की आधी संशय येतो. यावेळी वेगळं काय झालं? कोलने तेच विचारलं. डोस तोच, पद्धत तीच. शेवटी प्राण्यांची देखभाल करणाऱ्या माणसाकडे चौकशी केली तेव्हा कळलं की त्या सकाळी या कुत्र्याला खायला दिलंच नव्हतं. कोलने पुढे ही आठवण स्वतः लिहून ठेवली आहे.

मघाचा नकाशा आठवा. बाकीचे कुत्रे पोटभर खाऊन प्रयोगाला येत होते. त्यांची पित्ताशयं आकसत होती आणि रंगद्रव्य साठायच्या आधीच आतड्यात निघून जात होतं. उपाशी कुत्र्याची पिशवी मात्र पित्ताने भरलेली होती. महिनोन्महिने दोष रसायनात शोधला जात होता आणि गडबड होती खाण्याच्या वेळेत.

फेब्रुवारी १९२४ मध्ये ग्रॅहम आणि कोल यांचा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. या तपासणीला नाव मिळालं कोलेसिस्टोग्राफी. पिशवी छान पांढरी भरली, तर ठीक. पांढऱ्यात काळी भोकं दिसली, तर ते खडे. आणि पिशवी दिसलीच नाही तर? तेही उत्तरच: नळी बंद असावी किंवा पिशवी आजारी असावी. सुरुवातीच्या इंजेक्शनने लोकांना मळमळ, उलट्या व्हायच्या. मग पोटातून घ्यायची औषधं आली. १९५० च्या दशकापासून रात्री गोळ्या, सकाळी उपाशीपोटी एक्स-रे, मग चरबीयुक्त खाणं आणि परत एक्स-रे, असा क्रम रुळला.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा भाग पूर्ण होणार नाही.

१९३० च्या आसपास थोरोट्रास्ट नावाचं द्रव्य बाजारात आलं. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. शिरेत टोचलं की यकृत आणि प्लीहेतल्या पेशी ते गिळून टाकायच्या आणि दोन्ही अवयव फिल्मवर झळकायचे. चित्र अप्रतिम, आणि टोचल्यावर त्रासही फारसा नाही. युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडे ते वापरलं गेलं. जपानमध्ये महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांनाही ते दिलं गेलं.

अडचण अशी की थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. आणि यकृताने गिळलेलं थोरोट्रास्ट बाहेर जवळजवळ पडतच नाही. माणूस घरी जायचा, लग्न करायचा, मुलं मोठी व्हायची, आणि आत यकृताला रोज थोडा थोडा अल्फा किरणांचा मारा बसत राहायचा. वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९३२ मध्येच धोक्याची सूचना दिली होती, तरी वापर १९५० च्या दशकापर्यंत चालू राहिला. कारण चित्र सुंदर यायचं आणि नुकसान दिसायला अजून वेळ होता.

ही दोन द्रव्यं शेजारी ठेवून बघा. एकाने शरीराची स्वतःची वाट धरली: यकृत, पित्त, आतडं आणि बाहेर. दुसरं आत शिरलं आणि राहिलं. चित्र किती चांगलं येतं, हा अर्धाच प्रश्न. उरलेला अर्धा: आत घातलेलं बाहेर कसं येणार? आज कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅनच्या आधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागतात तो याच प्रश्नासाठी. ते आयोडीनचं द्रव्य मुख्यतः किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी कशी आहे हे आधी बघतात.

स्वादुपिंडाला मात्र बराच काळ थांबावं लागलं. ते जठराच्या मागे दडलेलं, आणि पित्ताशयासारखी साठवणीची पिशवी त्याला नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत एंडोस्कोप तोंडावाटे आतड्यापर्यंत नेऊन त्याच्या नळीत थेट कॉन्ट्रास्ट सोडलं गेलं. आज आपण या तपासणीला ईआरसीपी म्हणतो. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं चित्र आलं, आणि काही वर्षांत ते तंत्र पोटापर्यंत पोहोचलं. सोनोग्राफीने तर कोलेसिस्टोग्राफीला हळूहळू घरीच बसवलं. ना गोळी, ना इंजेक्शन, ना किरण. १९९० च्या दशकात एमआरसीपी आली. तिच्यात नळ्यांमधलं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस हेच चित्रात उजळून दिसतात. बाहेरून रंग घालायची गरजच नाही.

यंत्रं बदलली, रसायनं गेली, पण "उपाशीपोटी या" टिकून राहिलं. कारण ती सूचना यंत्रासाठी नव्हतीच. सोनोग्राफीतही खडे नीट दिसायचे तर पिशवी भरलेली हवी, आणि भरलेल्या पिशवीसाठी पोट रिकामं हवं. पित्ताशय १९२३ मध्ये जसं वागत होतं तसंच आजही वागतं.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कुणी सोनोग्राफीला निघताना म्हणालं, "अर्धा कप चहाने काय होतंय?", तर त्यांना सेंट लुईसच्या त्या कुत्र्याची गोष्ट सांगा. किती तास उपाशी राहायचं ते सेंटरवाले सांगतील. डायबेटिस किंवा रोजची औषधं असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

भाग आवडला तर तुमच्या फॅमिली ग्रुपवर टाका, तिथे याची गरज जास्त आहे! भेटूया पुढच्या भागात.