चाकामागची लोखंडी थाळी : ब्रेक डिस्कचा इतिहास, काल्हेरच्या रस्त्यावरून

आजचा विषय ऐकून काही जणांनी मला विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात ब्रेकची डिस्क कुठून आली? त्यांना मी म्हटलं, आधी सभागृहाच्या बाहेर जाऊन पाच मिनिटं रस्ता बघा, मग बोलू.

काल्हेरमधून जाणारा हा ठाणे-भिवंडी रस्ता म्हणजे जुना आग्रा रोड. कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर, पुढे अंजूरफाटा, भिवंडी, पडघा, शहापूर आणि मग कसारा घाट. एके काळी दोन्ही बाजूंना भातशेती होती, आता गोदामं आहेत. मुंबईत २०१७ च्या जुलैपर्यंत जकात होती. ती लागू होण्याआधी माल हद्दीबाहेर ठेवायचा, तर भिवंडीचा पट्टा सोयीचा. जकात गेली, जीएसटी आला, गोदामं आणखी वाढली. आणि गोदामांबरोबर इथल्या घराघरांपुढे मोठ्या एसयूव्ही आल्या. त्या गाड्या रोज काय करतात? दहा फूट पुढे जातात, ब्रेक. पुन्हा दहा फूट, पुन्हा ब्रेक. आणि रविवारी तीच गाडी सात माणसं आणि सामान घेऊन कसारा घाटातून शिर्डीला जाते.

म्हणून गाडी चालवायचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला, आज गाडी थांबवायचा ऐकू.

घाट आपल्याला नवा नाही. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या हस्ते खुला झाला. बैलगाडी उतरताना भार कोणावर? बैलांच्या मानेवर. थांबायचं तर चाकाखाली दगड. पुढे रेल्वे आली. कसारा ते इगतपुरी हा थळघाटाचा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला. चढ ३७ फुटांना एक फूट. गाडी चढवायला जास्तीचं इंजिन लावता येतं, पण उतरताना सुटली तर काय? म्हणून घाटात कॅच सायडिंग बांधल्या, म्हणजे सुटलेली गाडी वळवून चढावर घालायची आणि तिथे तिला थांबवायचं. यात एक कबुली आहे बघा. ब्रेक दगा देऊ शकतो, हे त्या इंजिनिअरांनी आधीच मान्य केलं होतं. जॉर्ज वेस्टिंगहाउसचं हवेच्या ब्रेकचं पेटंट त्यानंतरचं, १८६९ चं.

आता मोटारीकडे येऊ. १८८८ मध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मुलांसह लांबच्या प्रवासाला निघाल्या. उतारावर लाकडी ब्रेक झिजले. त्यांनी वाटेत एका चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला ‘लायनर’ म्हणतो ना, त्याची ही सुरुवात. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. डर्बीशायरच्या उतारांवर गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे त्याने पाहिलं, असं सांगतात. १८९७ च्या सुमारास त्याने विणलेला पट्टा डांबरी द्रव्यात भिजवून लायनर केला. म्हणजे ब्रेकचा लायनर हा मुळात मागावरचा माल! भिवंडीत हे सांगायला मला विशेष आनंद होतो.

पण सुती लायनर दीडशे अंशांच्या आसपास हार मानायचा. म्हणून १९०८ मध्ये फ्रूडने ॲस्बेस्टॉस आणलं. जळत नाही, विणता येतं, स्वस्त. सगळ्या जगाने ते उचललं. या ॲस्बेस्टॉसकडे मी पुन्हा येणार आहे, कारण त्याची किंमत कोणी मोजली हे सांगायचं राहतंय.

दरम्यान १९०२ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये लुई रेनॉ यांनी ड्रम ब्रेक पुढे आणला. डबा फिरतो आणि आतून दोन शू फाकून त्याला घासतात. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी थाळी आणि दोन्ही बाजूंनी ती चिमटीत धरणारे पॅड. कल्पना उत्तम, पण पॅड तांब्याचे. एक तर ते कर्कश किंचाळायचे, आणि दुसरं म्हणजे तेव्हाचे रस्ते धुळीचे. उघड्या थाळीवर धूळ बसायची आणि तांबं भराभर झिजायचं. ड्रम झाकलेला, म्हणून ड्रम जिंकला. पुढची पन्नास वर्षं त्याचीच.

डिस्क परत आली ती विमानांच्या चाकांतून आणि शर्यतीतून. १९५३ च्या ल मां शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून उतरली आणि जिंकली. कारण सोपं आहे. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, शिवाय उष्णता आत कोंडते. डिस्क उघडी, वाऱ्यात फिरते, लवकर थंड होते. इतर गाड्यांना वळणाआधी लवकर ब्रेक मारावा लागायचा, जॅग्वारला उशिरा मारला तरी चालायचा. दोनच वर्षांनी, १९५५ मध्ये, सित्रोएनने डीएस या रोजच्या वापराच्या मोटारीच्या पुढच्या चाकांना डिस्क दिल्या.

आपल्याकडे? माझगावात महिंद्रांनी जीप जुळवायला सुरुवात केली, तिला चारही चाकांना ड्रम. कुर्ल्याची पद्मिनी, तिलाही ड्रम. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, पुढे डिस्क, मागे ड्रम. २०११ च्या एक्सयूव्ही ५०० ला चारही चाकांना डिस्क. साठएक वर्षांचा हा प्रवास आपल्या गॅरेजवाल्यांनी पान्याने अनुभवलाय.

आता थोडं गणित. दोन टन दोनशे किलोची भरलेली गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली, तर साडेआठ लाख ज्यूल उष्णता तयार होते. अडीच लिटर गार पाणी उकळीला आणण्याएवढी, तीही काही सेकंदांत. वेग निम्मा असता तर उष्णता पाव. आणि तीच गाडी घाटात तीनशे मीटर उतरली आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर एकोणीस लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनने थोपवलं तर ब्रेकवरचा भार हलका होतो.

ही सगळी उष्णता आधी पितो तो बिडाचा तुकडा, म्हणजे डिस्क. बीडच का? त्यात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात. त्या उष्णता पसरवतात आणि कंप गिळतात. मोठ्या गाडीची पुढची डिस्क दोन थाळ्यांची असते, मध्ये हवेसाठी पोकळ्या. लोखंड जितकं जास्त तितकी उष्णता जास्त सामावते. म्हणजे डिस्क झिजून पातळ झाली की काय होतं, लक्षात आलं? शहरात काही कळत नाही. कळतं ते घाटात, निम्म्या उतारावर.

म्हणून डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावा, त्याखाली गेली की बदला. ‘अजून एकदा लेथवर घेऊ’ ही ड्रमच्या काळातली सवय आहे. ड्रम जाड होते, चालायचं. डिस्क लेथवर घेऊन जाडी मर्यादेच्या खाली जाणार असेल, तर ते घेणं म्हणजे वाचवणं नव्हे.

दुसरी गोष्ट. ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं आणि मेकॅनिक म्हणतो, ‘डिस्क बेंड झाली.’ बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. हबवरचा गंज न घासता डिस्क बसवली, किंवा नट एका बाजूने आवळत नेले, की ती किंचित तिरकी फिरते आणि काही हजार किलोमीटरमध्ये असमान झिजते. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने रस्त्यावर पाणी, हबवर गंज धरणारच. तेव्हा नवी डिस्क टाकताना हब तारेच्या ब्रशने साफ करा. डिस्कवरचं संरक्षक तेल पुसा. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका. त्याच्या पिना मोकळ्या सरकतात का ते बघा. नट समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळा. डावी बदलली तर उजवीही बदला, आणि पॅड नवे घाला. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेग हळूहळू कमी करून पॅड बसू द्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, ते कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, बदला.

आता ॲस्बेस्टॉस. ड्रम उघडला की आत काळी भुकटी असायची. पोरगा काय करायचा? तोंडाने फुंकायचा, किंवा हवेचा पाइप मारायचा. त्या भुकटीत ॲस्बेस्टॉसचे तंतू असायचे. फुप्फुसात गेले की ते बाहेर येत नाहीत आणि आजार वीस-तीस वर्षांनी उमटतो. २७ जानेवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं, की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि कारखान्यांनी आरोग्याच्या नोंदी किमान चाळीस वर्षं ठेवाव्यात. कारखान्यांसाठी ठीक. पण रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या पोराची नोंद कोण ठेवणार? आपल्या गाड्या सुरक्षित थांबल्या, त्याचा काही हिशेब त्याच्या छातीत लिहिलेला आहे, आणि तो कुठल्याच वहीत नाही.

आज चांगल्या पॅडवर ॲस्बेस्टॉसमुक्त असं छापलेलं असतं. तेच घ्या. तरीही ब्रेकची धूळ फुंकू नका, फुंकू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसायला सांगा किंवा ब्रेक क्लीनर मारायला सांगा. दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

लायनरच्या इतिहासात चामडं संपलं, सूत संपलं, ॲस्बेस्टॉसही मागे पडतंय. झिजणं मात्र कधीच संपणार नाही, कारण झिजणं हेच ब्रेकचं काम. ते किती झिजू द्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी घाटाला निघण्याआधी गॅरेजमध्ये जा आणि विचारा, ‘दादा, डिस्कची जाडी किती उरलीय?’ आणि तो फुंकर मारायला वाकला, तर त्याला थांबवा.