संगणकात देवनागरी आली त्याची हकीकत



गेल्या वर्षी आमच्या गावच्या एका जुन्या मराठी मंडळाने आपल्या स्मरणिकांचा मजकूर माझ्या स्वाधीन केला. छापील प्रती एका पावसाळ्यात भिजून गेल्या होत्या. उरली होती ती १९९८ ते २००४ या सालांची एक सीडी. संगणकाने ती विनातक्रार उघडली; पण पडद्यावर मराठीचे एक अक्षर दिसेल तर शपथ! रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची नुसती भेळ झालेली. मजकूर कोठे गेला नव्हता; तो वाचता मात्र येत नव्हता. असे का व्हावे, याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, ठाऊक असतो तो अंक. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावयाचा आणि तो क्रमांक साठवावयाचा, एवढेच त्याचे लेखन. १९६३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या संकेतात अवघी १२८ घरे होती, तीही इंग्रजीच्या सोयीची. आमच्या छापखान्यांतील जुळारी देवनागरीसाठी शेकडो खिळे हाताळीत. त्यांना हा संसार पाहून हसूच आले असते. मग देवनागरी बसवावयाची कोठे?

फॉन्ट तयार करणाऱ्यांनी यावर एक युक्ती काढली. रोमन अक्षराच्या घरात देवनागरी अक्षराचे चित्र ठेवून द्यावयाचे! टंकलेखन-यंत्राच्या कळफलकावर बेतलेल्या एका प्रचलित फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द लिहिला, तर संगणक 'एच, के, के, जे, आर' एवढेच नोंदवितो. 'एच' म्हणजे अर्धा भ आणि 'के' म्हणजे काना. पहिला काना भ पुरा करावयास, दुसरा त्याचा 'भा' करावयास. फॉन्ट जवळ आहे तोवर सोंग बेमालूम वठते. तो नसला की खालचा चेहरा उघडा पडतो. त्यातून प्रत्येक फॉन्टची घरवाटणी निराळी. तथापि या युक्तीला नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. तिच्यावाचून त्या काळी आमची स्मरणिका निघालीच नसती.

दुसरी वाट १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीमध्ये शोधली जात होती. मोहन तांबे यांचा त्या कामात मोठा वाटा होता. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि ते काम तेथे पुढे चालले. त्यामागील विचार मोठा सुंदर आहे. भारतीय लिपी चेहऱ्याने निरनिराळ्या, पण वर्णमालेने एक. तेव्हा चित्राला नव्हे, वर्णाला क्रमांक द्यावा. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने हा संकेत प्रमाण ठरविला. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींसाठी 'युनिकोड' अवतरला आणि त्याने भारतीय लिपींची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली. युनिकोडात देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५. बडोद्याची पाटी गुजराथीत असो, बेळगावची कानडीत असो वा हैदराबादची तेलुगूत. ज्या त्या लिपीच्या आळीत 'क'चे घर बाविसावेच! आपल्या प्राचीन वैयाकरणांनी ध्वनींची लावलेली शिस्त अशी यंत्राच्या पोटात जाऊन बसली आहे.

नियम झाला, तरी तो घरोघरच्या संगणकांत उतरावयास अवधी लागला. 'विंडोज २०००' या प्रणालीबरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला; तो घडविला होता कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी.

मराठीची खास कुरबुर मात्र पुढेही चालू राहिली. 'ॲ' या अक्षराला स्वतःचे घर मिळाले ते थेट २००८ साली. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हा भेद आपल्याला उपजत कळतो. या दुसऱ्या 'र'साठी युनिकोडात जे घर वापरतात, ते मुळात द्राविडी भाषांतील एक ध्वनी नागरीत लिहिण्यासाठी ठेवलेले आहे. शिवाय तोच 'र' अदृश्य जोडखुणेच्या साह्यानेही लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी, अंकांनी भिन्न. म्हणून एका रूपाने शोधू गेल्यास दुसरे अनेकदा सापडत नाही.

आता पुन्हा त्या सीडीकडे. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडात आणणारे परिवर्तक आज उपलब्ध आहेत, पण ते काम वाटते तितके सरळ नाही. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदविलेली, तर युनिकोडात उच्चाराप्रमाणे नंतर. रफाराचीही अशीच उलटापालट. परिवर्तकाने बहुतेक मजकूर सुखरूप आणला. एका आजींनी आपल्या माहेरच्या लग्नाची आठवण लिहिली आहे. तीत जेवणे उरकल्यावर वडिलांनी आचाऱ्यांना धोतरजोडी दिली, असे वाक्य होते. यंत्राने ती धोतरजोडी आचार्यांना देऊन टाकली! असे शब्द यंत्राच्या भरवशावर सोडून चालत नाही. चष्मा सावरून ओळ न् ओळ वाचावी लागते. आजवर चौतीस पाने झाली आहेत. शंभरावर अजून बाकी आहेत.