लंडनमधील दोन बिऱ्हाडे आणि एक खरेदीखत

परदेशात घर केव्हा घ्यावे, हा प्रश्न आता मुंबईच्या धनिकांपुरता राहिलेला नाही. सातारच्या पेठांतून आणि सांगलीच्या गावभागातूनही तो आमच्या कानावर येऊ लागला आहे. मुलगा लंडनला, सूनही तिकडेच नोकरीला, डोक्यावर छप्पर भाड्याचे. आणि इकडे वडील पाटीवर हिशेब मांडून बसलेले. पौंड उतरेपर्यंत थांबावे, की भाव चढण्यापूर्वी सौदा करून टाकावा? आम्ही दलाल नव्हे, इतिहासाचे वाचक आहो. तेव्हा उत्तराच्या ऐवजी सातारशी नाते असलेल्या दोन माणसांची लंडनमधील बिऱ्हाडे येथे उघडून दाखवितो.

पहिले बिऱ्हाड रंगो बापूजी गुप्ते यांचे. १८३९ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले आणि काशीस नेऊन ठेवले. महाराजांची दाद विलायतेत लावण्यासाठी रंगो बापूजी १८४० मध्ये लंडनला पोहोचले. काम काही महिन्यांचे वाटले असेल. पण १८५३ अखेरपर्यंत ते तेथेच अडकून पडले. लीडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत भागधारकांच्या सभा भरत, अर्ज वाचले जात, वाद होत, मते पडत, आणि प्रकरण पुढे ढकलले जाई. चौदा वर्षांचा मुक्काम आहे हे आधी कळते, तर शहाण्या माणसाने भाडे भरीत बसण्याऐवजी घराचा विचार केला असता, असे आज कोणीही म्हणेल.

पण तो विचार त्यांना करता आला असता काय? इंग्लंडच्या कायद्याने त्या काळी परक्या राज्याच्या माणसाला जमिनीची मालकी निर्वेधपणे मिळत नसे. घेतली तरी ती राजसत्तेला जप्त करता येई. १८४४ च्या कायद्याने राहण्यापुरता एकवीस वर्षांपर्यंत भाडेपट्टा घेण्याची मुभा दिली. परकीयाला देशी माणसासारखे घर विकत घेण्याचा अधिकार मिळाला तो १८७० साली. पौंडाचा भाव मात्र अनुकूल होता. रुपयास सुमारे दोन शिलिंग पडत, म्हणजे दहा रुपयांस एक पौंड. पौंड स्वस्त आणि दार बंद, अशी ही गंमत! पुढे १८४७ त महाराज काशीस वारले, १८४८ त डलहौसीने राज्य खालसा केले, आणि पैशाचा झराच आटला. शेवटी वकिलाची देणी कंपनीनेच भागविली आणि परतीची सोयही तिनेच केली. ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच खर्चाने घरी येणे, यापेक्षा मानी माणसाला दुसरी शिक्षा ती कोणती! १८५७ त त्यांचा मुलगा सीताराम सातारच्या गेंडामाळावर फाशी गेला, आणि रंगो बापूजी जे नाहीसे झाले ते पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

दुसरे बिऱ्हाड डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा नावाचा मुलगा सातारच्या सरकारी शाळेत दाखल झाला. तीच शाळा आज प्रतापसिंह महाराजांचे नाव लावते. म्हणजे ज्या राजाचा वकील लंडनात भाडेकरू होता, त्याच्याच नावाच्या शाळेचा विद्यार्थी पुढे लंडनात भाडेकरू झाला. १९२१-२२ मध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा नंबरच्या घरात ते राहत. पोटाला चिमटा घेऊन दिवसभर ग्रंथालयात बसावे आणि रात्री मित्राने दिलेले पापड भाजून भूक मारावी, असे त्या दिवसांचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे.

कायद्याचे दार आता उघडे होते, पण हुंडणावळीने मांडलेला खेळ पाहा. १९२० त सरकारने रुपयाचा दर सोन्याच्या हिशेबाने दोन शिलिंग ठरविला. तो टिकला नाही, आणि १९२१ पर्यंत बाजारात रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. वर्षभरात इंग्लंडमधला प्रत्येक जिन्नस हिंदी माणसाला कितीतरी महाग झाला. याच चढउताराचा शोध घेणारा बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनात प्रसिद्ध झाला. रुपयाच्या दराचे मर्म ज्याला एवढे कळले, त्याने विलायतेत इमला घेतला नाही. पुढे घर बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, आणि तेही मुख्यतः ग्रंथांसाठी.

आता खरेदीखत. किंग हेन्रीज रोडवरील ते घर विक्रीस निघाले, तेव्हा तेथील आंबेडकरी मंडळींनी महाराष्ट्र सरकारला गळ घातली. २०१५ च्या आरंभी निर्णय झाला. पण कागद हलण्यास वेळ लागला, आणि घर दुसऱ्याच्या हाती जाते की काय अशी धास्ती पडली. अखेर वर्षाच्या उत्तरार्धात व्यवहार पुरा झाला. किंमत तीस लक्ष पौंडांहून अधिक, आणि पौंड तेव्हा शंभर रुपयांच्या पुढे. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वास्तूचे उद्घाटन झाले.

सात महिन्यांनी, जून २०१६ मध्ये, इंग्रजांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि पौंड कोसळला. वर्षअखेरीस तो ८५ रुपयांच्या खाली होता. सरकार थांबते तर चारपाच कोटी रुपये वाचते, असा हिशेब कोणी मांडील. आम्हांस तो पटत नाही. तसे घर लंडनात दुसरे नव्हते, आणि पौंड उतरेपर्यंत मालक वाट पाहत बसला नसता.

आमच्या पाटीवाल्या वडिलांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्या मुलाला हे नाही तर ते घर चालेल; त्याला थांबणे परवडते. परंतु थांबण्यालाही भाडे पडते, हे त्यांनी विसरू नये. एप्रिल २०१६ पासून तेथे दुसरे घर घेणारास मुद्रांक शुल्क तीन टक्के जादा पडू लागले, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर ते पाच झाले; आणि दुसरे घर म्हणजे जगात कोठेही असलेले पहिले धरून. सातारचा वाडा मुलाच्या नावावर केला असेल तर तोही मोजणीत येतो! २०२१ पासून परदेशी राहणारास आणखी दोन टक्के. इकडून रिझर्व्ह बँकेचे बंधन आहेच. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया गडगडला तेव्हा बाहेर पाठविण्याची मर्यादा दोन लक्ष डॉलरांवरून पाऊण लक्षावर आली होती. २०१५ मध्ये ती अडीच लक्ष झाली.

आणि खरेदीने सगळे संपते असेही नाही. घर घेतले ते स्मारकासाठी; पण ते राहण्याचे घर, आणि तेथील कॅम्डेन कौन्सिलला राहत्या घरांची टंचाई. काही शेजाऱ्यांनी गर्दीची तक्रार केली. २०१८ त कौन्सिलने परवानगी नाकारली. अपील झाले, चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्याने स्मारकाला मंजुरी दिली. लंडनमध्ये दाद मागून ती मिळविण्यास यावेळी पाच वर्षे पुरली. त्याच महिन्यात महामारीने सगळ्या लंडनची दारे बंद झाली, आणि मंजूर झालेले स्मारकही काही काळ कुलपातच राहिले.