नागासाकीचा कासुतेरा

वसईच्या माणसाला नागासाकी हे नाव परके नाही. ज्या घरात जपानचा नकाशा कधी कुणी उघडून पाहिलेला नाही, त्या घरातील आजीलाही ठाऊक असते की आपला संत गोन्सालो गार्सिया नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर गेला. म्हणूनच आम्ही काही वसईकर यात्रेकरू त्या शहरात उतरलो, तेव्हा अनोळखी मुलुखात आल्यासारखे वाटले नाही. सकाळी निशिझाका टेकडीवर सव्वीस रक्तसाक्ष्यांच्या स्मारकापुढे प्रार्थना झाली. भिंतीवर ओळीने उभ्या असलेल्या ब्राँझच्या आकृत्यांतून आपला गोन्सालो कोणता, हे शोधण्यात बराच वेळ गेला. संध्याकाळी, आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे, सर्वांची पावले बाजाराकडे वळली. वेलंकणीला जा की जुन्या गोव्याला, घरच्यांसाठी व शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी खाऊ घेतल्याविना आपली यात्रा पुरी होत नाही.

हामानोमाची हा नागासाकीचा मोठा बाजार. रस्त्यावर उंच छप्पर घातलेले असल्याने पावसातही निवांत हिंडता येते. थोड्याच अंतरावर चिनी लोकांची पेठ आहे. तेथे पिठाची लांब दोरी वळून, पीळ घालून तळलेला एक कडक पदार्थ मिळतो. चवीला तो आपल्या शंकरपाळीचा दूरचा नातेवाईक वाटावा. पण या शहरात जिकडे पाहावे तिकडे एकच लांबट खोका दिसतो, दुकानांच्या फळ्यांवर आणि परतणाऱ्या प्रवाशांच्या हातांतही. त्यावरचे नाव आहे 'कासुतेरा'.

खोका उघडला की आत विटेच्या आकाराचा पिवळाधमक केक असतो. अंडी, साखर, पीठ आणि थोडा धान्याचा गोड पाक एवढेच त्यातील जिन्नस. लोणी नाही, दूध नाही. वरचा पापुद्रा गडद तपकिरी आणि तळाशी जाड साखरेचे न विरघळलेले दाणे. ते दाताखाली कुरकुरले की खाणाऱ्याचा चेहरा खुलतो. कासुतेरा हा शब्द जपानी नव्हे. तो आला आहे 'कास्तेला'वरून, म्हणजे स्पेनमधील कॅस्टील या राज्याच्या नावावरून. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हा केक येथे आणला. पोर्तुगालमध्ये याच जातीच्या केकला 'पाँव द लो' म्हणतात. पूर्वी जपानी कारागीर तो भाजताना विस्तव खाली तसाच वरच्या झाकणावरही ठेवीत. हे ऐकताच आमच्यातील एक वृद्ध भगिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बिबिंकासारखाच की!" गोव्यात बिबिंकाचा एकेक थर भाजताना झाकणावर निखारे ठेवतात, हे त्यांना आठवले. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील स्वयंपाकघरांत विस्तव सारखाच मांडला जात होता.

त्या बाजारात कान उघडे ठेवून फिरले तर अशा ओळखी पदोपदी होतात. जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो, तंबाखूला 'ताबाको'. साबणासाठी त्यांच्याकडे 'शाबोन' हा जुना शब्द आहे. आपला पाव आणि त्यांचा पान हे दोन्ही पोर्तुगीज 'पाँव'ची लेकरे; साबण व शाबोन हेही तसेच. गोव्याच्या बोलिन्यांमध्ये जो 'बोलो', म्हणजे केक, दडलेला आहे, तोच नागासाकी आणि शेजारच्या सागा येथील 'बोरो' नावाच्या बिस्किटांतही आहे. हे शब्द त्यांनी आपल्याकडून घेतले नाहीत, आपणही त्यांच्याकडून घेतले नाहीत. एकाच जहाजातून ते दोन बंदरांवर उतरले. गोव्याहून निघालेले पोर्तुगीजांचे मोठे गलबत मलाक्का व मकाव करीत जपानला जाई, चिनी रेशीम देई आणि जपानी रुपे घेऊन परते. नागासाकीचे बंदर १५७१ मध्ये या व्यापाराला खुले झाले. ज्या सरदाराने ते खुले केले, त्या ओमुरा सुमितादाचा १५६३ मध्ये बाप्तिस्मा झालेला होता. ख्रिस्ती धर्म स्वीकारणारा तो पहिला जपानी सरदार.

कासुतेराच्या शेजारीच काचेच्या बरणीत रंगीत साखरेचे काटेरी दाणे दिसले, आणि आमच्या तोंडून एकदम शब्द निघाला, "हलवा!" संक्रांतीला तिळावर पाक चढवीत, मंद आचेवर हलवीत राहून जो काटा आणतात, तोच काटा येथेही होता. येथे त्याचे नाव 'कोंपेइतो', मूळ पोर्तुगीज 'कोन्फेइतो'. या दाण्याला इतिहासात मानाचे स्थान आहे. १५६९ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू लुईस फ्रॉईस यांनी त्या काळचा बलाढ्य सत्ताधीश ओदा नोबुनागा याची क्योतो येथे भेट घेतली, तेव्हा काचेच्या सुरईत भरलेले कोंपेइतो आणि काही मेणबत्त्या त्याला नजर केल्या. हे फ्रॉईस १५४८ मध्ये गोव्यात आले होते आणि त्यांचा गुरुदीक्षाविधीही गोव्यातच झाला. पुढे सव्वीस जणांच्या हौतात्म्याची हकिकत लिहून ठेवणारेही तेच. त्याच वर्षी, १५९७ मध्ये, नागासाकीत त्यांचे देहावसान झाले. साखरेच्या दाण्याला काटा कसा आणायचा, हे गुपित मात्र परदेशीयांनी सहज सांगितले नाही. इहारा साइकाकू या जपानी लेखकाच्या १६८८ च्या पुस्तकात नागासाकीच्या एका नगरजनाची गोष्ट आहे. पुष्कळ खटपट केल्यावर त्याला उमगले की दाण्याच्या पोटात तीळ असतो, आणि त्या तिळाने त्याचे घर सावरले. आपल्या घरातील सुगृहिणींना मात्र हे सांगण्याची गरज पडली नसती!

अशा या बाजारात आमचा गोन्सालोही वावरला होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. वेदीवर आपण त्याला फ्रान्सिस्कन झग्यात पाहतो. परंतु त्यापूर्वी तो व्यापारी होता. सुमारे १५५७ साली वसईत पोर्तुगीज पिता व वसईची माता यांच्या पोटी तो जन्मला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकला, कोवळ्या वयात त्यांच्यासोबत जपानला गेला, तेथे धर्मशिक्षक म्हणून राबला. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची आस पुरी झाली नाही. मग त्याने व्यापार पत्करला आणि त्यात यश मिळविले. पुढे तो मनिलाला गेला आणि फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. संघाने त्याच्याकडून काय घेतले? त्याची जपानी भाषा. मुलांना धर्मशिक्षण देताना आणि बाजारात देवघेव करताना जी भाषा त्याच्या जिभेवर बसली होती, तिच्या बळावर १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचा दुभाषी म्हणून तो जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभा राहिला. आणि त्याच वाटेने पुढे क्रुसाकडे गेला.

मिठाईच्या गोडीत या इतिहासाची कडू बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्या गलबतांतून केवळ रेशीम, साखर आणि शुभवर्तमान जात नव्हते. पोर्तुगीज व्यापारी जपानी स्त्रीपुरुषांना विकत घेऊन गुलाम म्हणून परदेशी नेत असत. १५८७ मध्ये हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याची आज्ञा केली, तेव्हा त्याने जे आक्षेप घेतले त्यांत हा एक होता. तो आक्षेप खोटा म्हणता येत नाही. श्रद्धा आणि व्यापार एकाच जहाजातून आले, की एकाच्या पापाचा डाग दुसऱ्याच्या वस्त्रावर पडतोच. त्याचे मोल मात्र ज्यांनी माणसे विकली नव्हती अशांनी दिले. क्योतो व ओसाका येथे पकडलेल्यांचे डावे कान छाटण्यात आले आणि ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो मैल चालवीत नागासाकीला आणले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जण निशिझाकावर क्रुसावर टांगले गेले. त्यांत लुईस इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. आमचा गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या घरात होता.

त्यानंतर छळ वाढतच गेला. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १० सप्टेंबर १६२२ रोजी त्याच टेकडीवर ५५ जणांना जाळून वा शिरच्छेद करून मारण्यात आले. माणूस ख्रिस्ती नाही हे ठरविण्यासाठी येशूची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवावयास लावण्याची रीत पडली. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना कायमचे हद्दपार केले गेले. मंदिरे पाडली गेली, धर्मगुरू मारले गेले किंवा पिटाळले गेले. पोर्तुगालची आठवण देणारी प्रत्येक गोष्ट पुसून टाकण्याचा तो काळ होता.

मिठाई मात्र राहिली! नागासाकीत आजही चालू असलेले फुकुसाया हे कासुतेराचे दुकान आपली स्थापना १६२४ सालची सांगते. म्हणजे टेकडीवर ५५ जणांची आहुती पडल्यानंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात एक हलवाई पोर्तुगीज केक भाजत होता आणि त्याचे परके नाव उघडपणे उच्चारीत होता. सत्तेला क्रुसाचे भय वाटले, केकचे वाटले नाही. पुढे डचांना देजिमा या लहानशा कृत्रिम बेटावर कोंडून व्यापाराची मुभा मिळाली. त्यांच्या व चिन्यांच्या जहाजांतून साखर येतच राहिली. जहाजाला भार म्हणूनही तळाशी साखरच भरीत. नागासाकीहून कोकुरापर्यंतच्या सव्वादोनशे किलोमीटरांच्या राजमार्गाने ती देशभर पसरली, गावोगाव नवी मिठाई जन्मली. २०२० मध्ये जपान सरकारने या 'साखरमार्गा'ला राष्ट्रीय वारशाचा मान दिला. त्या भागात पदार्थात साखर कमी पडली तर 'नागासाकी दूर आहे' असे म्हणण्याची रीत आहे म्हणतात.

हलवायाच्या जिभेवर जसे कासुतेरा आणि कोंपेइतो हे शब्द टिकले, तसेच आणखी काही शब्द दुसऱ्याच कुणाच्या जिभेवर टिकून होते. पण ते उघड्या बाजारात उच्चारण्याची सोय नव्हती. नागासाकीच्या आसपासच्या खेड्यांत आणि बेटांवर शेतकरी व कोळी रात्री दारे लावून 'ओराशो' म्हणत. मूळ शब्द 'ओरासाँव', म्हणजे प्रार्थना. पश्चात्तापाला ते 'कोंचिरिसान' म्हणत. धर्मगुरू नाही, मिस्सा नाही, छापील पुस्तक नाही. आईने मुलाला आणि मुलाने नातवाला कानात सांगितलेले लॅटिन व पोर्तुगीज शब्द, पुष्कळदा अर्थ हरवलेले, पण सोडून न दिलेले. अशा सात पिढ्या गेल्या. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये, जे त्याच सव्वीस रक्तसाक्ष्यांना वाहिलेले आहे, उराकामीचे काही गावकरी आले. आपले अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले आणि सांता मरियेची मूर्ती कोठे आहे म्हणून विचारले. त्यानंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक भाविकांना हद्दपारी सोसावी लागली. बंदीचे फलक उतरले ते १८७३ मध्ये. याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला आणि तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी साडेआठ हजार मृत्युमुखी पडले. तरीही आज तेथे पुन्हा उभारलेल्या चर्चची घंटा वाजते.

बाजारातून परतताना मनात हाच विचार होता. हलवाई आणि गुप्त ख्रिस्ती दोघांनीही परक्या भाषेचा शब्द दोनअडीचशे वर्षे जपला. पण एकाच्या शब्दाला गिऱ्हाईक होते, दुसऱ्याच्या शब्दाला फाशी होती. म्हणून दोन्हींचे मोल सारखे नव्हे. तरीही मला त्या मिठाईविषयी कृतज्ञता वाटली. बंदीच्या काळात तिने त्या शहराला आपण कधीकाळी कुणाला भेटलो होतो याची आठवण ठेवू दिली. आपल्याकडेही १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली. पण पाव राहिला, नाताळच्या ताटातील दोदोल राहिला आणि श्रद्धाही राहिली. आपल्याला त्यासाठी दारे लावून घ्यावी लागली नाहीत. हे भाग्य आपण किती सहज गृहीत धरतो!

घरी आल्यावर खोका उघडला. तळाचा कागद सोलताना साखरेचे दाणे त्याला चिकटून आले, ते मुलांनी बोटांनी टिपून खाल्ले. धाकटी नात म्हणाली, "आजोबा, एवढ्या लांबून आणला, पण हा तर आपलाच केक!" मी तिला जवळ बसविले आणि तुकडा हातात देऊन म्हटले, "होय बाळ, आपलाच. आता तो तिथे कसा गेला आणि आपल्या गावचा कोण माणूस तिथे गेला होता, ते ऐक."