प्रचक्र

इंजिनाच्या भुजादंडावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, घट्ट बसवलेल्या जड चाकास प्रचक्र किंवा फ्लायव्हील असे म्हणतात. सिलिंडरात निर्माण होणारी शक्ती सलग नसते, ती धक्क्याधक्क्याने येते. प्रत्येक धक्क्यातील जादा ऊर्जा साठवणे आणि पुढील धक्का येईपर्यंत भुजादंड फिरता ठेवणे हे प्रचक्राचे मुख्य कार्य होय. प्रचक्रामुळे इंजिनाची शक्ती वाढते हा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. घेतलेलीच ऊर्जा ते परत देते, तीही घर्षण व हवेचा रोध यांत थोडी खर्च करून.

सिलिंडर आणि प्रचक्र यांचा संबंध एकाच सिलिंडराच्या, मंदगती डिझेल इंजिनात सर्वांत स्पष्ट दिसतो. विहिरीचे पाणी उपसणे, पिठाची गिरणी किंवा गुऱ्हाळातील चरक चालवणे यांसाठी महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरले गेलेले ‘ऑइल इंजिन’ याच प्रकारचे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात १९४६ साली स्थापन झाली.

सिलिंडरातील चार धावा

जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार-धावी इंजिन यशस्वी केले. या पद्धतीत शोषण, संपीडन, शक्ती आणि निष्कास अशा चार धावा होतात व तेवढ्यात भुजादंडाचे दोन फेरे पूर्ण होतात. चारांपैकी केवळ शक्तिधावेत तप्त वायू दट्ट्याला ढकलतो. उरलेल्या तीन धावांत दट्ट्यालाच ढकलावे लागते. त्यांत संपीडन सर्वांत महाग पडते, कारण डिझेल इंजिनात हवा साधारणतः मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबावी लागते. ती इतकी तापते की फवारलेले इंधन ठिणगीविना पेटते. हे दाबण्याचे काम आधीच्या शक्तिधावेतून प्रचक्रात साठलेल्या ऊर्जेवर होते. शिवाय दट्ट्या अगदी वरच्या व अगदी खालच्या टोकाला असताना संयोगदांडा आणि भुजा एका रेषेत येतात. त्या स्थितीत दट्ट्यावर कितीही दाब आला तरी दंड फिरत नाही. हे दोन्ही मृतबिंदू प्रचक्रच ओलांडून देते.

उदाहरणाने हिशोब

५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला पाच शक्तिधावा होतात. ५ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३,७३० वॉट. म्हणून दर चक्रात सुमारे ७४६ जूल काम बाहेर मिळते. संपीडन व घर्षण यांसाठी लागणारी ऊर्जाही त्याच शक्तिधावेतून यावी लागत असल्याने प्रचक्रातील ऊर्जेचा चढउतार याहून अधिक असतो. तो येथे १,१०० जूल मानू. प्रचक्राच्या कडेचे वस्तुमान १०० किलोग्रॅम आणि सरासरी त्रिज्या ३० सेंटिमीटर असेल, तर या वेगाला त्यात सुमारे १७,७५० जूल ऊर्जा असते आणि वेगातील चढउतार सुमारे ३ टक्के येतो. पाण्याच्या पंपाला तो जाणवतही नाही. मात्र त्याच इंजिनावर जनित्र चालवले तर दिवा सेकंदाला पाच वेळा लुकलुकताना दिसतो. म्हणून जनित्राच्या इंजिनांना अधिक जड प्रचक्र बसवतात.

वस्तुमान दुप्पट केल्यास साठा दुप्पट होतो. त्रिज्या दुप्पट केल्यास मात्र चौपट. त्यामुळे प्रचक्राचे बहुतेक लोखंड कडेला ठेवतात व मध्ये आरे ठेवून वजन वाचवतात. अनेक ऑइल इंजिनांना दोन्ही बाजूंस एकेक प्रचक्र असते. त्यामुळे दोन्ही बेअरिंगांवर भार सारखा पडतो.

हँडल मारून इंजिन सुरू करताना हीच तत्त्वे हाताला जाणवतात. मिनिटाला १२० फेऱ्यांवर वरील प्रचक्रात जेमतेम ७१० जूल ऊर्जा असते, आणि संपीडनाला त्यातील बराच वाटा लागतो. म्हणून आधी झडप उघडी ठेवून चाकाला वेग देतात आणि मगच झडप बंद करतात. चाक पुरेसे फिरले नसेल तर ते संपीडनावर अडते आणि हँडल उलटे मारू शकते.

मर्यादा आणि सिलिंडरांची संख्या

प्रचक्र फक्त एका चक्रातील चढउतार सावरते. भार कायमचा वाढला वा घटला, तर इंधनाचे प्रमाण बदलण्याचे काम गतिनियंत्याचे, म्हणजे गव्हर्नरचे असते. तसेच दट्ट्याच्या वर-खाली हालचालीने होणारे कंपन प्रचक्र थांबवत नाही. त्यासाठी भुजादंडावर प्रतिभार लावावे लागतात.

सिलिंडर वाढले की प्रचक्राचे ओझे कमी होते. चार सिलिंडरांत दर अर्ध्या फेऱ्याला एक शक्तिधाव मिळते. सहा सिलिंडरांत ती दर १२० अंशांना मिळते आणि एक संपण्यापूर्वीच दुसरी सुरू होते. तरीही मोटारीत प्रचक्र असतेच. मंद वेगाला इंजिन बंद पडू नये म्हणून ते लागते. शिवाय क्लचची तबकडी त्याच्यावर टेकते आणि स्टार्टरचे दातेरी कडेही त्याच्यावरच बसवलेले असते.

धोके

फिरणाऱ्या कडेतील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वरील उदाहरणात कडेचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर आहे. बिडाच्या चाकासाठी ३० मीटरच्या आसपासची मर्यादा पारंपरिकरीत्या मानली जाते. गतिनियंता निकामी होऊन फेरे दुप्पट झाले, तर ताण चौपट होतो आणि चाक फुटून तुकडे दूरवर उडू शकतात. तडा गेलेले बिडाचे प्रचक्र वेल्डिंग करून पुन्हा वापरणे याच कारणाने असुरक्षित ठरते.

प्रचक्र दंडावर चावीने पक्के केलेले असते. चावी ढिली झाली की ठोक्यासारखा आवाज येतो; तो बेअरिंगचा समजून पुष्कळदा उगाच इंजिन खोलले जाते. इंधन तोडल्यावरही साठलेली ऊर्जा संपेपर्यंत चाक फिरत राहते. साडीचा पदर, उपरणे किंवा धोतराचा सोगा त्यात अथवा पट्ट्यात अडकून अपघात होतात, म्हणून प्रचक्र व पट्टा यांभोवती जाळी बसवतात.