बोर्डाचा माणूस

पन्नास-साठच्या दशकात आमच्या संगमेश्वराकडच्या वाडीत लग्नाची बोलणी एका वाक्यावर पुढे सरकत असत : “मुलगा बोर्डात आहे.” बोर्ड म्हणजे बॉम्बे डॉक लेबर बोर्ड. एवढं कानावर पडलं की कलमं किती, भाताचं शेत किती, हे प्रश्न मागे पडायचे. माझ्या आजोबांचं, म्हणजे आबांचं लग्नही असंच ठरलं, असं आजी सांगायची. आबांचं म्हणणं वेगळं होतं. सासऱ्यांना बोर्ड म्हणजे लोकल बोर्डाची शाळा वाटली आणि मास्तर जावई मिळाला म्हणून ते खूश झाले, गोदीतली हमाली त्यांना वरात येईपर्यंत कळलीच नाही.

मी गेली बरीच वर्षं शारजात, हमरिया फ्री झोनमध्ये एका फॅब्रिकेशन यार्डात आहे. नकाशात पाहिलं तर हमरिया शारजा शहरापासून तुटलेलं, मध्ये अजमान. १९९५ साली शारजा सरकारने हा झोन काढला. स्वतःचं खोल बंदर, आजूबाजूला पोलाद, तेल, लाकूड. आमच्या यार्डात कोल्हापूरचा एक तरुण वेल्डर आहे. त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “काका, युनियन नेमकं करते काय?” त्याच्या डोळ्यांसमोर युनियन म्हणजे गेटवरची घोषणाबाजी आणि गणपतीची वर्गणी. त्याला मी आबांची गोदी सांगायला लागलो आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की घोषणाबाजीची गोष्ट आबांनी मला फार कमी सांगितली होती. त्यांची सगळी कौतुकं एका वहीभोवती होती.

वहीच्या आधीची गोदी अशी. पहाटे अलेक्झांड्रा डॉकच्या गेटबाहेर माणसांचा थवा. टोळीवाला येणार, बोट दाखवणार, बोट पडलं तो आत. टोळीवाला स्टीव्हडोरसाठी, म्हणजे जहाजावर माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कंत्राटदारासाठी, माणसं पुरवायचा आणि मजुरीही त्याच्याच हातून मिळायची. आबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे आजोबा, त्याच्याच ओळखीच्या खानावळीत जेवायचे. तिथलं कालवण पाण्यासारखं होतं, पण दुसरीकडे जेवला तर बोट फिरत नसे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं, तेव्हा थोरले आजोबा त्या दिवशी बोट न पडल्यामुळे वाचले. घरात हा देवाचा कौल मानला गेला. आबा म्हणायचे, कौल कसला, आदल्या आठवड्यात त्यांनी टोळीवाल्याला दस्तुरी दिली नव्हती.

हे बदललं पाहिजे असं कागदावर आधीच आलं होतं. शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात गोदी कामगारांची नोंदणी करून त्यांची संख्या आणि कामाची पाळी ठरवावी, असं सुचवलं. आयोगाचे अध्यक्ष व्हिटली. ब्रिटनमध्ये सरकारी खातं आणि त्याच्या नोकरांच्या संघटना एका टेबलाशी बसतात, त्या मंडळांना ज्यांचं नाव पडलं, तेच हे गृहस्थ. (आपल्या केंद्र सरकारने १९६६ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली, ती याच मंडळांवरून.) आयोगात आपले ना. म. जोशीही होते. तरी कायदा व्हायला १९४८ उजाडलं आणि मुंबईत योजना लागू व्हायला १९५१. मधल्या काळात कामगार नेते पी. डिमेलोंनी ट्रान्सपोर्ट अँड डॉक वर्कर्स युनियन अशी बांधली की तिला न विचारता गोदीत काही ठरवणं अवघड झालं. जॉर्ज फर्नांडिस तरुणपणी मुंबईत आले ते याच डिमेलोंच्या हाताखाली तयार झाले.

बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. जहाजावर बोर्डाची माणसं, धक्क्यावर पोर्ट ट्रस्टची. दोघांमध्ये क्रेनचा हूक. बोर्डाकडे नोंदणीची वही. काही माणसं महिनेवारीवर स्टीव्हडोरकडे, बाकीची राखीव. राखीव माणसाने कॉल स्टँडवर जाऊन बिल्ला दाखवायचा, पाळीप्रमाणे टोळी लागायची. जहाज नसेल तर हजेरीचे पैसे मिळायचे आणि महिन्याला किमान मजुरीची हमी होती. खर्च मालकांकडून, मजुरीवरच्या टक्केवारीने वसूल व्हायचा. आबांचा पितळी बिल्ला आजीने पुढे चिल्लरच्या डब्यात ठेवला होता, त्यावरचे आकडे घासून गुळगुळीत झाले होते. त्या आकड्याच्या मागचा-पुढचा माणूस कोण, हे आबांना म्हातारपणीही पाठ होतं. वहीतला पुढचा नंबर एकट्या मालकाला पुसता येत नव्हता, हा त्यातला सगळा चमत्कार. एकट्या युनियनलाही येत नव्हता. पण हे कौतुकात सांगायचं लोकांना सुचत नाही.

आबांचा एक चुलतभाऊ साखरेचं पोतं हुकाने फाडून डबा भरताना पकडला गेला. चौकशीत युनियनचा प्रतिनिधी बसला होता. निलंबन ठरलं, प्रतिनिधीने विरोध केला नाही. संध्याकाळी त्या भावाच्या आईने माझगावच्या चाळीच्या जिन्यात त्या प्रतिनिधीला गाठून जे काही ऐकवलं, ते आबा मला कधीच पूर्ण सांगत नसत. प्रतिनिधी एवढंच म्हणाला, “काकी, वही आपणच मागितली होती.” तिला काही ते समजलं नाही. समजण्यासारखं होतं असंही मला वाटत नाही. घरात महिनाभर पैसा येणार नव्हता.

दुसरी भांडणं डेटमची. पाळीत किती टन उतरवले म्हणजे दिवस भरला आणि कितीच्या वर जादा पैसे, तो आकडा म्हणजे डेटम. पोत्यांचा वेगळा, पोलादाच्या सळ्यांचा वेगळा. त्यावरून महिनोन्महिने वाद चालत, कामं मंदावत, संपही होत. एका टेबलाशी बसणं म्हणजे गळ्यात गळे घालणं, असा समज ज्यांचा असेल त्यांनी त्या बैठकांची वर्णनं ऐकायला हवी होती. पोर्ट ट्रस्टच्या बाजूला, मोठ्या बंदरांसाठीच्या १९६३ च्या कायद्यात विश्वस्त मंडळावरच कामगारांची बाजू मांडणाऱ्या माणसांना जागा होती. ती नेमण्याआधी सरकारने नोंदणीकृत युनियनांचं मत घ्यायचं, असं त्यात लिहिलं होतं. १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, तेव्हा मशीद बंदरच्या हमालांसाठीही अशीच मंडळं उभी राहिली. त्यामागचं मोठं नाव साताऱ्याकडच्या अण्णासाहेब पाटलांचं.

मग कंटेनर आले. पंधरा-वीस माणसांची टोळी जे दिवसभर करी ते एक क्रेन करू लागली. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं. नव्वदच्या दशकात बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. माझे एक मामा त्या वेळी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. युनियननेही त्या योजनेच्या कागदावर सही केली, याचा राग त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. माणसं कमी होणारच होती, निदान पैसे देऊन कमी झाली, असं आबा म्हणत. दोघांची तोंडं दिवाळीलाही वेगवेगळ्या दिशांना. मला मामांचा राग पटतो आणि आबांचा हिशेबही पटतो. एका टेबलाशी बसणाऱ्याला वाईट कागदावरही सही करावी लागते, आणि सही करणारा माणूस घराघरांत ओळखीचा असतो.

हे सगळं ऐकून आमचा कोल्हापूरचा वेल्डर म्हणाला, “इथं तर असलं काहीच नाही.” खरं आहे. अमिरातीत कामगार संघटना नाहीत. जे आहे ते सरकारने वरून दिलेलं. पगार बँकेतून जातो आणि मंत्रालयाला दिसतो. १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी. तक्रार असेल तर मंत्रालयाकडे जा. ही दुपारची बंदी मी मनापासून चांगली मानतो. डिमेलोंच्या काळात मुंबईच्या गोदीत उन्हावरून कुणी काम थांबवल्याचं मी तरी घरात ऐकलं नाही. पण एका पाळीत किती मीटर वेल्ड झाला म्हणजे दिवस भरला, हा आमच्या यार्डातला आकडा भिंतीवर लागतो तेव्हाच आम्हाला कळतो. गेल्या वर्षी तो दोनदा वाढला. तो कुणी मोजला, कोणत्या जाडीच्या पाइपवर, थंडीत की ऑगस्टमध्ये, हे विचारायची खुर्ची कुठेच नाही. आबांनी आकड्याच्या खाली पहिल्यांदा तेच पाहिलं असतं : सह्या किती.

मुंबईत ती खुर्ची अजून आहे. २०२१ च्या कायद्याने पोर्ट ट्रस्ट जाऊन पोर्ट ऑथॉरिटी आली, तरी मंडळावर कर्मचाऱ्यांच्या वतीने दोन सदस्य राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये देशभरातल्या मोठ्या बंदरांत २८ तारखेपासून संप ठरला होता. आदल्या दिवशी द्विपक्षीय वेतन समितीत समझोता झाला, ८.५ टक्के वाढ, १ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांसाठी. माझा मावसभाऊ मुंबई बंदरातच आहे. त्याने त्या रात्री फोन केला तो आनंदाने नाही, चिडून. टक्के कमी आहेत, थकबाकी कधी मिळणार याचा पत्ता नाही, आणि युनियनवाल्यांनी घाई केली. मी म्हटलं, मग मीटिंगला का गेला नाहीस? म्हणाला, गेलो होतो, तिथेच भांडून आलोय.